डावा पीळ

माझी बायको म्हणते, झोपेत माझी बोटं चालतात. चादरीचं टोक चिमटीत धरून मी त्याला हळूहळू पीळ देतो आणि मग ते सोडून गाढ झोपतो. जन्मभर वायरी पिळल्या, आता चादरी पिळतायत, असं ती सुनेला हसत सांगते. एकदा मात्र चहा देता देता तिने विचारलं, "अहो, झोपेत तुम्ही उलटा पीळ देता. कामावर तर सुलटा द्यायचात ना?" मी कप तोंडाला लावला. उत्तर मला ठाऊक होतं. तिला आणि आणखी पुष्कळांना ते फार पूर्वी सांगायला हवं होतं. आता सांगतो.

मी पेणचा वायरमन. आता शिडीवर चढत नाही, पण गावात अजून अशी घरं आहेत जिथे पंखा माझ्या जोडावर फिरतो. दुपारी डोळा लागता लागता मला ती घरं दिसतात. भिंती विरघळलेल्या असतात. आतल्या वायरी तेवढ्या उरतात, तळ्यातले वेल हलावेत तशा संथ हलणाऱ्या, आणि त्यांवर मधे मधे काळ्या टेपच्या गाठी. कुठली गाठ कुणाची, हे मला त्या अर्धवट झोपेतही सांगता येतं.

यात माझं काही विशेष नाही. आमच्यातल्या कुणालाही ते सांगता यायचं. दोन वायरी जोडायच्या, काम एवढंच, पण प्रत्येकाची रीत वेगळी. एस.टी. स्टँडजवळच्या एका टपरीवर आम्ही सगळे सकाळी जमायचो. कामं तिथेच मिळायची. आमच्यातला एक जण वायर सोलायला काडी पेटवून वरचं प्लास्टिक जाळायचा, म्हणून त्याच्या जोडाला कायम काजळी. त्याला आम्ही काडीवाला म्हणायचो. मी दाताने सोलायचो. माझ्या पुढच्या दाताला त्याची खाच अजून आहे. एक जण पीळ दिल्यावर टोक मागे दुमडून पकडीने असं चेपायचा की पुढे तो जोड सोडवायचा म्हटलं तर वायरच कापावी लागे. एक जण टेप इतकी गुंडाळायचा की आम्ही म्हणायचो, याने जोडाला स्वेटर घातलाय. आखातात राहून आलेला एक होता. तो हातच्या पिळाला नाक मुरडायचा आणि स्क्रूचे कनेक्टरच लावायचा. टपरीवर त्याला सगळे साहेब म्हणत, आणि चहा त्याच्याच नावावर पीत. दुसऱ्याने केलेलं काम उघडलं की आम्ही आधी टेप सोडवायचो, पीळ बघायचो आणि चालीवरून माणूस ओळखावा तसं त्याचं नाव घ्यायचो.

त्या सगळ्यांत माझ्या भागीदाराचा जोड अगदी लांबून ओळखू यायचा. तो डावखुरा होता.

तो निडीचा. रोज सकाळी रोह्याकडून येणाऱ्या गाडीने पेणला यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. मी कामं आणायचो, तो कामाला हात द्यायचा, असं लोक समजत. खरं म्हणजे हात त्याचाच चांगला होता. आमच्या सगळ्यांचे पीळ उजवीकडे वळायचे, त्याचा डावीकडे. टपरीवर त्याची त्यावरून फार थट्टा चाले. तुझ्या घरचा पंखा वारा वरती फेकत असेल, असं काडीवाला त्याला रोज म्हणायचा. तो शांतपणे सांगायचा, "व्हय, म्हणून तर छपरावरची कौलं वाळतात लवकर."

डाव्या पिळाची एक अडचण असते. आम्ही वापरायचो त्या वायरीतल्या तांब्याच्या बारीक तारा मुळातच एका बाजूला वळवलेल्या असत, आणि ती बाजू उजव्या हाताच्या सोयीची. उजव्या माणसाने पीळ दिला की तारा आणखी आवळत. डाव्याने दिला की आतल्या तारा आधी सैल पडत आणि मग वरवर आवळल्यासारख्या दिसत. त्याला हे माहीत होतं. म्हणून तो पीळ देण्याआधी सोललेल्या तारा अंगठ्याच्या नखाने एकेक करून सरळ करायचा, मुलीचे केस विंचरावेत तशा. तो त्याला विंचरणंच म्हणायचा. विंचरून झालं की तारा अगदी सरळ, जणू कधी वळल्याच नव्हत्या. मग तो त्यांना आपल्या बाजूने वळवायचा. त्याचा पीळ आमच्या सगळ्यांपेक्षा घट्ट बसे आणि दिसायला फार सुरेख दिसे. शिडी धरून मी खाली उभा असलो की मान वर करून त्याची बोटं बघत राहायचो. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप तांब्यावर पडायची आणि बोटं तिच्यातून जायची यायची. कितीदा तरी तो वरून हाक मारी आणि मला ऐकू येत नसे.

आमचा दोघांचा एक नेम होता. तो कुणी ठरवला ते आठवत नाही. एकाने पीळ द्यायचा, दुसऱ्याने तो ओढून बघायचा, आणि ज्याने ओढला त्यानेच त्यावर टेप मारायची. पीळ देणारा म्हणे "ओढ", आणि ओढणारा म्हणे "ओढला". दुसऱ्याने ओढल्याशिवाय जोड झाकायचा नाही. कित्येक घरांच्या माळ्यांवर, देवळांच्या मंडपात, लग्नाच्या मांडवात आमचे हे दोन शब्द घुमले असतील. आज मला तेच जास्त आठवतात, बाकीचं बोलणं विरून गेलं.

पेणजवळच्या जोहे गावातल्या एका कारखान्याचं काम आम्हाला पावसाळ्यात मिळालं. गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, म्हणजे बांबू आणि पत्र्याची लांबच लांब शेड. पावसाळी हवेत रंग वाळत नाही, म्हणून मोठे हॅलोजन दिवे लावतात. त्या दिव्यांसाठी नवी लाइन टाकायची होती. मूर्ती पांढऱ्या होऊन रांगांनी बसल्या होत्या. डोळ्यांची आखणी व्हायची बाकी होती. बाहेर भातखाचरांवर पाऊस पडत होता आणि आत त्या पांढऱ्या रांगा मागे मागे जात अंधारात बुडाल्या होत्या. आम्हीसुद्धा आपोआप हळू आवाजात बोलत होतो.

तो शेडच्या दुसऱ्या टोकाला बोर्ड बसवत होता. मी शिडीवर होतो, वाशाला बांधलेल्या वायरीचे दोन तुकडे हातात घेऊन. दाताने सोलले. आणि मला वाटलं, आज आपण त्याच्यासारखा देऊन बघू.

हे एकदम सुचलेलं नव्हतं. घरी मी तुकड्यांवर डावा पीळ द्यायचा सराव करत असे, कुणी बघत नसताना. का, ते सांगणं अवघड आहे. त्याचं काम मला आवडायचं, आणि आपलं काम तसं नाही हे टोचायचंही. ते पांढरं शांत ठिकाण, पावसाचा एकसारखा आवाज, मी जरा धुंदीतच होतो. दोन्ही तुकडे जुळवले आणि डावीकडे पीळ देत गेलो. वरून हुबेहूब त्याचा दिसला. मला इतका आनंद झाला की मी तो पुष्कळ वेळ बघत राहिलो. तारा विंचरायच्या असतात हे मला माहीत होतं. पण मी पीळ शिकलो होतो, विंचरणं शिकलो नव्हतो. त्याच्या बोटांकडे बघताना माझं लक्ष नेहमी शेवटाकडे असायचं.

मग "ओढ" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो येईल, ओढेल, आपला पीळ दुसऱ्याच्या हातचा बघून हसेल, किंवा सोडून दाखवेल. मला ते नको होतं. पुढे कधीतरी गंमत म्हणून सांगू, असं मी मनाशी म्हटलं आणि माझ्या जोडावर मीच टेप मारली. डोळे न आखलेल्या त्या मूर्तींच्या रांगांकडे मी शिडीवरून पाहिल्याचं आठवतं. कुणी बघितलं नाही, असं वाटलं.

हॅलोजन दिवे मोठा भार घेतात. आतून सैल असलेला जोड त्या भाराने तापतो, थोडा थोडा, रोज. एके दुपारी माणसं जेवायला गेलेली असताना टेप वितळून पेटती खाली पडली, ती गोणपाटाच्या ढिगावर. बाजूला रंगाचे डबे होते. माणसं धावली, पाणी मारलं, आग विझली. कुणाला इजा झाली नाही. पण शेडचा एक भाग गेला, काही मूर्ती तडकल्या आणि उरलेल्या सगळ्या धुराने काळ्या झाल्या. आखणीला बसायची वेळ आणि मूर्ती काळ्या.

आम्ही पोचलो तेव्हा कारखान्याचे मालक एका पाटावर बसले होते. त्यांनी आधीच काडीवाल्याला बोलावून जोड कापून खाली आणवला होता. काडीवाल्याने नखाने जळकी टेप खरवडली. सगळे वाकून बघत होते. तो म्हणाला, "डावा पीळ आहे." त्यात खोडी नव्हती. जे दिसलं ते त्याने सांगितलं. पण पेणपासून जोह्यापर्यंत डाव्या पिळाचा वायरमन एकच होता, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

त्याने तो जळका तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरून फिरवला. मी त्याच्या शेजारीच होतो, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्या वेळी मी बोललो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. मी वाट बघत होतो की तो म्हणेल, हा माझा नाही. तो स्वतःचा पीळ ओळखणार नाही तर कोण ओळखणार. पण तांबं वितळून आकसलं होतं, आणि तसा पीळ देणारं दुसरं कुणी जगात आहे हे त्याच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

"पीळ माझाच हाय," तो म्हणाला.

मी गप्प राहिलो. भीती होती, लाज होती. आणि खोटं कशाला सांगू, एका कोपऱ्यात असंही वाटून गेलं की माझा पीळ खरोखर त्याच्यासारखा जमला. इतकी वर्षं मला सगळ्यात जास्त जाळतं ते हेच.

त्यानंतर तो रोज जोह्याला जाऊन तिथल्या माणसांबरोबर मूर्तींवरची काजळी पुसत बसायचा. कुणी बोलावलं नव्हतं. मी एकदाही गेलो नाही. टपरीवर त्याची थट्टा बंद झाली, आणि ते थट्टेपेक्षा वाईट होतं. कामं मला मिळत राहिली, पण लोक आधीच सांगत, त्याला आणू नका.

एका संध्याकाळी मी त्याला पेण स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी यायची होती. फलाटावर आम्ही दोघंच बाकावर, समोर रुळांपलीकडे पाणी साठलेलं आणि त्यात आभाळ. त्याने विचारलं, "तो जोड तू ओढला व्हतास ना रे?"

नेम आमच्या दोघांचाच होता, तो बाहेर कुणाला ठाऊक नव्हता. टेप ज्याची, ओढ त्याची. मी नाही म्हटलं असतं तर मग टेप कुणी मारली, हा पुढचा प्रश्न आला असता.

"ओढला होता," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मग माझंच. विंचरल्या नसतील तारा."

गाडी आली, तो चढला. पुढे त्याने वायरमनचं काम सोडलं आणि रोह्याच्या एका कंपनीत लागला. तिथे हातचा पीळ नसतो. वायरीच्या टोकाला पितळी टोपण दाबायचं आणि स्क्रूखाली आवळायचं. शिफ्टमध्ये जायचं, शिफ्ट संपली की घरी यायचं. ही बातमी मला टपरीवर दुसऱ्याच कुणाकडून कळली.

एक मूर्ती काळी झाली असती आणि पुसली गेली असती तर मी कदाचित विसरलो असतो. पण ती गोष्ट पसरली. डाव्या पिळाने जोह्याचा कारखाना पेटला, ही आमच्या धंद्यातली शिकवण होऊन बसली. नवीन माणूस कामाला आला की त्याला ती सांगायची. मीसुद्धा ऐकून घेतली, वर मान डोलावली. मी हातचे पीळ सोडून कनेक्टर लावू लागलो, तेव्हा लोक म्हणाले, भागीदाराच्या चुकीतून शहाणा झाला.

मधली वर्षं कशी गेली ते मला नीट सांगता येत नाही. ती एकमेकांत मिसळलेली आहेत. पोरांची लग्नं, नवीन इमारती, भिंतीत गाडलेले पाइप. मधूनच कधी दुपारी ती पांढरी शेड दिसे. तिच्यात मी शिडीवर आणि खाली तो, शिडी धरून, मान वर करून. स्वप्नात आमच्या जागा बदललेल्या असत.

यंदा दिवाळीनंतर आमच्या स्वयंपाकघराचं वायरिंग बदलायला तिशीतला एक वायरमन आला होता. चांगला पोरगा, कामात सफाई. खटक्याचे रंगीत कनेक्टर लावत होता, वायर आत घातली आणि खटका दाबला की झालं. मी खुर्ची टाकून बघत बसलो होतो. त्याने सहज सांगितलं की हाताखाली एक जण ठेवायचाय, एक आला होता, पण परत पाठवला.

मी विचारलं, का.

"डावरा होता काका. आमच्यात डावरा घेत नाहीत. जोह्याला कारखाना जळालेला ना."

त्याचा तेव्हा जन्म झाला नसेल. मी उठलो, बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. बायको विचारायला आली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिच्या पदरात वाटाणे होते. सोलता सोलता ती थांबली आणि म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी निडीला राहते का?"

तरी जायला माघ उजाडला.

दुपारची रोह्याची गाडी जवळजवळ रिकामी असते. खिडकीत बसलो. भात केव्हाच कापून झालं होतं आणि मोकळ्या खाचरांत वाल पसरला होता. नागोठण्यानंतर मला पेंग आली. पापण्यांच्या आत तारांवरून तारा जात होत्या, खांबामागून खांब, प्रत्येक खांबाशी थोड्या उचलल्या जात आणि परत खाली येत. कुणीतरी त्या विंचरतंय असं वाटत होतं. निडीला उतरणारा मी एकटाच होतो. गाडी गेल्यावर इतकी शांतता पसरली की मी थोडा वेळ फलाटावर तसाच उभा राहिलो. परत जाणाऱ्या गाडीला उशीर होता, म्हणून चालू लागलो.

तो ओटीवर चटईवर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. केस सगळे पांढरे. शेंग डाव्या हातात. माझ्याकडे पाहून त्याने सरकून जागा केली. त्याची बायको बाहेर आली, भावजी म्हणाली, पाणी आणलं. मी वर पाहिलं. वासा, त्यावरून जाणारी वायर, आणि जिथे जिथे जोड असणार तिथे पांढरे कनेक्टर, स्क्रूचे. हातचा एक पीळ त्या घरात दिसत नव्हता.

तो म्हणाला, "सगळं स्क्रूचं हाय. पोरगा म्हणायचा, बाबा मी शिकतो. तो बी माझ्यासारखाच डावा. मी पकडीला हात लावू दिला नाय त्याला. टेम्पो चालवतो आता."

मी सोललेल्या वालाच्या दाण्यांकडे बघत सांगितलं. घरी पाठ केलेली वाक्यं आठवली नाहीत. जोह्याचा जोड माझा होता, तुझा पीळ मी चोरून दिला होता, एवढंच आधी बोललो. मग बाकीचं, सुचेल तसं. तो शेंगा सोलत राहिला, पण दाणे टोपलीत टाकायच्या ऐवजी टरफलांत टाकत होता.

"तारा विंचरल्या व्हत्यास?" त्याने विचारलं.

"नाही."

"अजिबात नाय?"

"मला येत नव्हतं ते."

"मग ओढला कुणी?"

"कुणी नाही. टेपपण मीच मारली."

त्याने हात थांबवले. उन्हं अंगणात आडवी आली होती. बरंच लांब कुठेतरी मालगाडी जात होती आणि तिचा आवाज संपत नव्हता. मला वाटलं तो मला घालवून देईल, आणि खरं तर मी त्याच तयारीने गेलो होतो. त्याने मान घराकडे वळवली आणि हाक मारली.

"ऐकलंस गो? मी विंचरल्या व्हत्या."

ती दारातच होती. सगळं ऐकलं होतं तिने. "मी काय वेगळं सांगत व्हते?" ती म्हणाली. "रातरात बसून बोटं मोजायचात. या वायरीची विंचरली, त्या वायरीची विंचरली, ती एकच आठवत नाय म्हणायचात. आठवंल कशी, तुमची व्हती का ती?" मग माझ्याकडे वळली. "भावजी, पोराला तुमी सांगायचं. आमी नाय सांगणार."

मी हो म्हटलं. पोरगा रोह्याला राहतो. त्याला मी पुढच्या आठवड्यात भेटलो. त्याने ऐकून घेतलं आणि टेम्पो चालू केला. त्याच्याबद्दल एवढंच.

त्या दिवशी मी हो म्हटल्यावर भागीदार उठून आत गेला. परत आला तेव्हा हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात वायरीचे तुकडे, एक गंजलेली पक्कड. पकडीचा लाल रबर माझ्या ओळखीचा होता, आम्ही दोघांनी एकाच दिवशी सारख्याच पकडी घेतल्या होत्या. त्याने दोन तुकडे निवडले, सुरीने सोलले. मग अंगठ्याचं नख लावून तारा विंचरायला लागला. एकेक तार वेगळी व्हायची, सरळ व्हायची, शेजारच्या तारेला चिकटायची, तो परत वेगळी करायचा. ऊन खाली उतरून आमच्या पायांवर आलं तरी त्याचं चाललंच होतं. मला ते संपू नये असं वाटत होतं. या वेळी मी शेवटाची वाट न बघता विंचरणं बघितलं.

मग त्याने डावीकडे पीळ दिला. पकडीने शेवटचा आवळला आणि तुकडा माझ्यापुढे धरला.

"ओढ."

मी दोन्ही टोकं धरून ओढलं.

"जोरात ओढ. तवा ओढायला दिला नव्हतास."

मी पाय लावून ओढलं. जोड हलला नाही. "ओढला," मी म्हणालो, आणि माझा आवाज मला त्या शेडमधून आल्यासारखा वाटला. मी टेपसाठी डब्यात हात घातला, तर त्याने डबा मागे घेतला.

"आता नाय. हा पेनला घेऊन जा. टपरीवर दे. मला सांगितलंस तसं सगळ्यांना सांग, आणि ओढायला लाव. मग परत आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीवर गेलो. आता ती पक्क्या गाळ्यात आहे, पण बाकडी तीच. आमचा स्वयंपाकघरवाला वायरमन होता, त्याच्या वयाचे आणखी काही होते, आणि कोपऱ्यात काडीवाला, आता काठी घेऊन येणारा. मी उभा राहून सांगितलं. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून सांगता आलं नसतं. मधेच कुणीतरी मोबाइलवर बोलत होता, त्याला शेजारच्याने गप्प केलं. माझं संपलं. मग मी तो जोड बाकावर ठेवला.

आधी स्वयंपाकघरवाल्याने उचलला. ओढला. पकडी लावून ओढला. म्हणाला, "काका, पण ती गोष्ट तर सगळ्या तालुक्यात झालीय."

मी म्हटलं, म्हणून तर इथे आलोय.

जोड हातोहात फिरला. प्रत्येकाने ओढला. शेवटी काडीवाल्याकडे गेला. त्याने ओढला नाही. डोळ्यांजवळ नेऊन फिरवत राहिला, चहा निवला तरी.

"हा विंचरलेला आहे," तो म्हणाला. "तो नव्हता. मी फक्त कुठल्या बाजूला वळलाय तेवढं बघितलं." मग ओढला, आणि माझ्याकडे न बघता मला परत दिला.

मी पुन्हा निडीला गेलो. त्याने विचारलं, कोण कोण होतं. मी सांगितलं. काडीवाला काय म्हणाला, तेही सांगितलं. ते त्याने माझ्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतलं.

"ओढला सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

माफ केलं, असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलंही नाही. त्याने तो पत्र्याचा डबा पुढे ओढला. मग डब्यातून काळ्या टेपचं रीळ काढलं, टोक नखाने सोडवलं आणि रीळ माझ्या हातात दिलं.

"मग मार टेप," तो म्हणाला.

मी मारली. हळूहळू, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर घेत, तांबं दिसेनासं होईपर्यंत.